पेटीतली वेणी

आमच्या स्वयंपाकघरात झाकणाचं एक स्टीलचं पातेलं आहे. ते कुठून आलं हे बायकोनं मला एकदाच विचारलं आणि मी खोटं सांगितलं. मी मुळात बोलणारा माणूस नाही. रुळांवरची नोकरी; दिवसभर उन्हात चालायचं, सैल झालेलं आवळायचं. तिथं बोलायला कोण असतं. पण हे आता लिहून टाकतो.

आम्ही पूर्णेत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. मी, बायको आणि मुलगी. मुलगी तिसरीत असताना बायकोच्या छातीतली गाठ कळली, आणि कळली तेव्हा दुखणं यकृतापर्यंत गेलेलं होतं. नांदेडला दर एकवीस दिवसांनी केमो सुरू झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. बरं होणं हा शब्द आपण वापरायचा नाही म्हणाले, औषध लागू पडतंय तोवर देत राहायचं. मी बायकोला सांगितलं, हळूहळू बरं होईल म्हणतेत. तिनं ऐकून घेतलं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं एवढंच विचारलं, "केस कवा जातेत म्हणले?"

तिचे केस गुडघ्याला लागायचे. माक्याचं तेल ती घरी काढायची, त्या वासावरून ती घरात कुठं आहे हे मला न बघता कळायचं.

दुसऱ्या डोसच्या आधी एका दुपारी तिनं घट्ट वेणी घातली, दोन्ही टोकांना लाल रिबीन बांधली आणि माझ्या हातात कात्री दिली. "कापा. मोरीत व्हावून जाण्यापरीस बरं."

कात्री दोनदा अडली. वेणी सुटून आली तेव्हा ती ओंजळीत मावेना. बायको ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "ही लेकीची. तिच्या लग्नात ह्याचं गंगावन करा, तिच्या केसात लावा. मी आसले तर मीच लावीन." लग्नातल्या पातळात गुंडाळून तिनं ती लोखंडी पेटीत ठेवली आणि किल्ली माझ्याकडं दिली. वचन वगैरे काही मागितलं नाही.

उरलेले केस आठवड्याभरात गेले. मुलगी म्हणाली, "मम्मी, तू आता सेम मामासारखी दिसायलीस." बायको म्हणाली, "मामाला सांग, मला औषधं घ्यावी लागली, त्याचं फुकटात झालं." आम्ही तिघंही हसलो. घरात तशी रड नव्हती, हे सांगायला पाहिजे.

पण पेटी होती. मुलगी शाळेतून आली की तिच्याजवळ बसू लागली. एका दुपारी बघतो तर पेटीच्या झाकणाला गाल लावून ती वर्गातली भांडणं सांगत होती. आतल्या खोलीत बाजेवर तिची आई जागीच होती. मी म्हणालो, "मम्मीला सांग की."

"तिला सांगितलं. हितं पण सांगायलेय."

मी तिला रागावलो. रागवायचा मला अधिकार नव्हता, कारण मी त्याहून वाईट करत होतो. सुट्टीच्या दिवशी बायकोचा डोळा लागला की मी पेटी उघडायचो. वेणी गार असायची. बाहेर ऊन भाजून काढत असताना ती आत पाण्यातून काढल्यासारखी गार. मी ती हातात धरून बसायचो, तळव्याला तेल लागेपर्यंत. आणि बाजेवर जी होती, तिच्या डोक्याला मी केस गेल्यापासून हात लावलेला नव्हता. तिला औषध द्यायचो, ओकारीचं घमेलं धरायचो, पाय चेपायचो. डोक्याला नाही. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. घरात दोघी झाल्या होत्या, आणि मी पेटीतलीजवळ बसत होतो.

चौथ्या डोसनंतरचा रिपोर्ट बिघडला. गाठी वाढल्या होत्या, औषध बदललं. त्याच आठवड्यात ताडकळसहून माझी आत्या आली. जाताना बसस्टँडवर मला म्हणाली, "बाबा, जित्या माणसाचे केस कापून घरात ठिवू न्हाई. ते मालकिणीला वढतेत. आर्धी बाई पेटीत घालून ठिवली तू, बाकीची बी मग तिकडंच जायलीय."

मी बारावी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टी मानत नाही म्हणून आत्याशी दोनदा भांडलेलो. त्या दिवशी तिची पिशवी तेवढी बसमध्ये चढवून दिली.

दोन दिवसांनी, भर बारा वाजता, गल्लीत आवाज आला. केसांवर भांडी देणारे नवरा-बायको आमच्याकडं महिन्या-दोन महिन्यांनी येतात. मोटारसायकलला भांड्यांची जाळी, पुढं स्पीकर, त्यात त्या बाईचाच भरून ठेवलेला आवाज. गळालेले केस बायका भिंतीच्या कोनाड्यात साठवतात आणि त्यावर वाटी, चमचा घेतात. बायको झोपली होती, मुलगी शाळेत. मी वेणी पातळातून काढली आणि बाहेर गेलो.

बाईनं ती काट्यावर टाकायच्या आधी हातावर तोलली. माझ्याकडं बघितलं. "मेलेल्या बाईचे आमी घेत न्हाई, दादा. जितीचे हायेत ना?"

"जितीचे," मी म्हणालो.

तिनं रिबिनी सोडून माझ्या हातात दिल्या. त्या का परत दिल्या, मला माहीत नाही. आणि हे पातेलं दिलं.

बायकोला सांगितलं, साहेबांच्या निरोपसमारंभात सगळ्यांना मिळालं. त्यात तिच्यासाठी भाताची पेज केली. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "ह्याला तेलाचा वास यायलाय." केमोनं तोंडाची चव जाते, वास भलतेच येतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी पातेलं चिंचेनं घासलं. माझ्याही नाकाला वास येत होता, आणि मी तर केमोवर नव्हतो.

त्यानंतर घरात केस सापडू लागले. लांब, काळे. भाकरीच्या पिठात एक. साबणाला गुंडाळलेला एक. ड्युटीवर बूट काढला तर पायाच्या अंगठ्याला तीन वेढे. मुलीचा बॉबकट होता, बायकोचं डोकं कोरं. मी ते खिशात घालून लांब लायनीवर नेऊन टाकायचो.

आणि पुढचा रिपोर्ट चांगला आला. गाठी आकसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, नवं औषध लागू पडलं. मी मान डोलावली, पण मनात आत्याचं वाक्य होतं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला जास्त भीती वाटायला लागली.

जरा ताकद आल्यावर बायको म्हणाली, "पेटी उघडा. वेणीला तेल लावते, कोरडी पडली आसंल."

किल्ली सापडत नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून परभणीला गेलो आणि बाजारात माणसाच्या केसांचं सगळ्यात लांब गंगावन घेतलं. त्याला त्याच लाल रिबिनी बांधल्या, पातळात गुंडाळलं, पेटीत ठेवलं आणि किल्ली सापडली म्हणून सांगितलं.

तिनं ते मांडीवर घेतलं. बोटांनी पेडावरून वरून खाली एकदाच चाचपलं. टोकाशी थांबली. मी दारात उभा होतो. रुळांवरून मालगाडी पूर्ण निघून गेली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ही बाई जिती आसंल का हो?"

मी पाणी आणतो म्हणून आत गेलो. परत आलो तेव्हा ती त्या परक्या केसांना तेल लावत होती, हळूहळू, कुणाचं तरी डोकं दुखत असल्यासारखं.

पुढं दर आठवड्याला ती त्याला तेल लावायची. शाळेच्या गॅदरिंगला मुलीला नऊवारी नेसवली आणि ते गंगावन लावलं. "मम्मीची वेणी," मुलगी वर्गात सगळ्यांना सांगत होती. ती स्टेजकडं चालत गेली तेव्हा पाठीमागून मला ती ओळखू आली नाही. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "तिला सांगू नका."

ते दीड वर्ष बरं गेलं. बायकोला केस आले, बोटभर, कुरळे, निम्मे पांढरे. या उन्हाळ्यात दुखणं पुन्हा वाढलं आणि औषध पुन्हा बदललं. केस गळायला लागले. तेव्हा तिनं उशीवरचे केस वेचून पिशवीत ठेवायला सुरुवात केली. तिची बोटं आता बधिर असतात, केस चिमटीत येत नाहीत. म्हणून सकाळी मी वेचतो.

गेल्या महिन्यात असंच वेचत असताना गल्लीत तो स्पीकर वाजला. माझा हात थांबला. बायको माझ्याकडं बघत होती. मग मी सगळं सांगितलं. आत्या, काटा, पातेलं. पेटीजवळच्या दुपारी पण.

स्पीकर कोपऱ्यावरून वळून गेला. ती म्हणाली, "पेजंला वास आला तवाच कळलं होतं. घेताना त्या बाईनं विचारलं आसंल ना, जितीचे हायेत का म्हणून?"

"विचारलं."

"तुमी काय म्हणले?"

"जितीचे म्हणलो."

तिनं पिशवी जवळ ओढली. "मग बरंय," म्हणाली.

आता रविवारी ती गंगावन सोडते. मी पिशवी धरतो. एवढ्याशा केसांची वेणी होत नाही, पण पेडाच्या आत ते बसवता येतात. ती सांगते आणि मी बसवतो, परक्या लांब केसांच्या पोटात तिचे बोटभर केस. मुलगी लग्नाची होईपर्यंत किती जमतील, याबद्दल आम्ही बोलत नाही. आतले केस कुरळे असल्यामुळं वेणी मधूनच सैल होते, हलते, कुणी कूस बदलावी तशी.

डोक्यावरचे शेवटचे सुटे केस मला हातानं काढावे लागतात. पहिल्यांदा हात लावला तेव्हा तिनं डोळे मिटले. डोकं गरम होतं.