काकाजींनी पाहिलेला वांगी रंग

फोटो तयार झाला की काकाजी तो आपल्या जुन्या फोनवर उघडायचे, खरी साडी हातात घ्यायचे आणि गच्चीवर उन्हात जाऊन दोन्ही शेजारी धरायचे. राजवाड्यामागच्या लहानशा ऑफिसात आम्ही साडीवाल्यांच्या वेबसाइट सांभाळायचो; फोटोंचं काम काकाजींकडे होतं. कॉम्प्युटरवर छान दिसतोय की, असं कुणी म्हटलं तर ते म्हणत, "गिऱ्हाईक काय इथे येऊन बघणार आहे? ती बसस्टँडवर उभी राहून फोनवर बघेल."

वेबसाइट पटकन उघडावी म्हणून फोटोची फाइल लहान करावी लागते. त्यात कधी कधी रंग बिघडतो, आणि त्याची त्यांना भारी चीड. "फोटो हलका करायचा बेटा, झूठा नाही करायचा."

फोटो लहान करणारं नवं सॉफ्टवेअर निवडायचं काम मालकांनी माझ्यावर सोपवलं. तीन सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरून बघायची होती. मी वयाने लहान, हुद्द्याने वर. तरी काकाजी माझ्याकडून सगळं नीट शिकून घ्यायचे. वांगी रंगाच्या एकाच माहेश्वरी साडीचा फोटो त्यांनी तिन्हींतून काढला. गच्चीवरून खाली आले नि म्हणाले, "तिसरं फास्ट आहे, पण वांग्याचा जांभळा करतं. दुसरं घेऊ या. थोडं सुस्त आहे, चलेगा."

मी तिसरं घेतलं. दिवसभराचं काम तासाभरात होतं, हे मालकांना दाखवून मला शाबासकी हवी होती. काकाजींचं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलंच नाही.

दिवाळीत साड्या परत येऊ लागल्या. फोटोत रंग वेगळा, हीच सगळ्यांची तक्रार. मालकांनी आम्हां दोघांना बोलावलं.

"फोटो कोणी केले?"

"काकाजींनी," मी म्हणाले.

शब्दशः ते खोटं नव्हतं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिले.

"हो, मीच केले," ते म्हणाले.

उमर झाली, रंग कळेनासे झाले, असं मालकांनी गृहीत धरलं. पुढच्या सोमवारपासून काकाजी आले नाहीत.

मागच्या वर्षी खजरान्याच्या देवळात दर्शनाच्या रांगेत ते दिसले. सोबत नात होती. माफीचं वाक्य मी कितीदा तरी मनात घोकलं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात ते नातीला म्हणाले, "या आमच्या मॅडम. ऑफिसात कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते याच ठरवायच्या."

टोमणा नव्हता. खरंच कौतुकाने सांगत होते. नात वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले, आणि रांग सरकली तशी घोकलेलं वाक्य तसंच घेऊन पुढे झाले.