शंका घरी न्यायची नाही

तास संपत आला की बाई फळ्याकडे पाठ करून उभ्या राहत. हातातल्या मार्करला टोपण लावत नसत. मान जराशी डावीकडे कलायची, भुवया वर जायच्या आणि प्रश्न यायचा, "एनी डाउट्स?" वर्ग गप्प. मग दुसरं वाक्य, "डोन्ट टेक देम होम." तरी वर्ग गप्पच. शेवटी टक्कन टोपण लागायचं आणि तास संपायचा.

आपल्याकडे शिकलेल्या कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल. फक्त हा वर्ग लेस्टरमधल्या एका कॅथलिक शाळेतला होता. फळ्याच्या वर क्रूस होता आणि समोरची मुलं पोलिश, नायजेरियन, केरळी, आयरिश अशा कुठल्या कुठल्या घरांतली होती.

मी तिथे फिजिक्स शिकवते. मूळची पुण्याची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये किटली उचलली आणि तोंडून निघून गेलं, "अरे देवा, पाणीच नाही!" मागून आवाज आला, "देवाला कशाला त्रास? नळ तिकडे आहे." वळून बघते तर करडं कार्डिगन घातलेल्या, ठेंगण्या, गणिताच्या शिक्षिका. वसईच्या. मी आश्चर्याने बघतच राहिले, तसं त्या म्हणाल्या, "काय झालं? आमच्याकडे चर्चमधली मिस्सासुद्धा मराठीतच असते." शाळेतली मुलं सगळ्या शिक्षिकांना 'मिस' म्हणतात. मी त्यांना त्या दिवसापासून 'बाई' म्हणू लागले.

बाईंचं एक शुक्रवारचं दुःख होतं. कॅथलिक शाळा, शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे कॅन्टीनमध्ये मासा. पिठात बुडवून तळलेला तो जाडजूड तुकडा काट्याने उलटापालटा करत त्या म्हणायच्या, "ह्याला ना काटा, ना डोकं, ना वास. ह्याला मासा कशावरून म्हणायचं?" आणि मग सगळा खायच्या. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांत जगातलं सगळं मिळतं आणि सुके बोंबील मिळत नाहीत, हे दुसरं दुःख. इथल्या थंडीबद्दल मात्र मी त्यांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही.

वसईकडे त्या डिग्री कॉलेजात शिकवत. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आल्या, आणि आल्यापासून बारा-तेरा वर्षांच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होत्या. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण मनात काय होतं ते मला कळलं हेडटीचरनी घोषणा केली त्या दिवशी. जवळच्या विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा गणिताचा कोर्स आता आमच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांना, शाळेतच शिकवायचा होता. विद्यापीठ परीक्षा घेणार, पास झालेल्यांना त्याचे गुण पुढे उपयोगी पडणार. ज्यांच्या घरातलं कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नाही, त्या मुलांना आधीच कळावं की हे आपल्याला जमतं, एवढाच हेतू. पहिलं वर्ष प्रायोगिक. शिकवायचं बाईंनी.

"अगं, मी परत कॉलेजात शिकवणार!" त्या माझा दंड धरून म्हणाल्या.

"बाई, इथे कॉलेज म्हणजे हीच सोळा-सतरा वर्षांची मुलं."

"असू दे. मी आपल्यातलं डिग्रीचं कॉलेज म्हणतेय."

त्या खरोखरच वेगळ्या दिसायला लागल्या. जिन्यावरून झपाझप जायच्या. त्यांचा आवाज कॉरिडॉरमध्ये ऐकू यायचा. इतका, की एकदा आमचे चॅप्लेन, म्हणजे शाळेचे धर्मगुरू, फादर तिथून जात असताना त्यांनी ऐकलं, "गिव्ह मी ऑल युअर डाउट्स! डोन्ट टेक देम होम!" दुसऱ्या दिवशी ते बाईंना हळूच भेटले आणि म्हणाले, तुमच्याकडे मुलं श्रद्धेबद्दलच्या शंका इतक्या मोकळेपणाने आणत असतील, तर दुपारच्या प्रार्थना-गटातही याल का? बाईंना काही समजलं नाही. "फादर, आय ओन्ली डू मॅथ्स," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही दोघी दिवसभर हसत होतो. हसण्याच्या नादात त्यातली मेख आमच्या लक्षात आली नाही.

पहिल्या चाचणीत जवळजवळ सगळा वर्ग आपटला.

हेडटीचर चांगल्या मनाच्या होत्या. म्हणाल्या, कदाचित आपल्या मुलांना हे जड जातंय. हाफ-टर्मच्या सुट्टीनंतर विद्यापीठाचे एक प्राध्यापक तास बघायला येतील, त्यांचं मत घेऊ आणि कोर्स चालू ठेवायचा की नाही ते ठरवू. त्यांचा सूर बंद करण्याकडेच होता.

बाई माझ्या लॅबमध्ये स्टुलावर येऊन बसल्या. "मी रोज विचारलं गं. रोज. एकाने तोंड उघडलं नाही. मला वाटलं, समजतंय त्यांना. मी पुढे पळत राहिले." त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "बंद झालं तर मला जाऊन परत अपूर्णांक शिकवता येतील. ह्या पोरांना मात्र कायमचं वाटेल की आपल्याला झेपलं नाही."

उलगडा केला ग्रेसने. ती माझ्याही वर्गात होती. उंच, शांत, आजीजवळ वाढलेली मुलगी. प्रॅक्टिकलनंतर वायरी गुंडाळत रेंगाळली आणि म्हणाली, "गणिताच्या मिसना आमचा राग येतो का?"

"का गं?"

"त्या रोज विचारतात, तुम्हाला माझ्याबद्दल डाउट आहे का? शिक्षकांच्या तोंडावर 'हो, आहे' असं कोण म्हणेल? मला तर त्या शिकवतात त्यातलं अर्धं कळत नाही. पण त्या खोटं सांगतायत असं मला कधीच वाटलं नाही."

मी हातातली वायर खाली ठेवली. डाउट म्हणजे शंका, डाउट म्हणजे न समजलेली गोष्ट, हे मी पुण्यात इतक्या लहानपणापासून ऐकलेलं की त्याला दुसरा अर्थ असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग फादर आठवले.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग हसू थांबलं. "म्हणजे मी शंका विचारत होते आणि पोरांना संशय ऐकू येत होता!"

मी म्हटलं, "उद्यापासून 'एनी क्वेश्चन्स' म्हणा."

त्यांनी एक दिवस म्हणून बघितलं. एका मुलाने विचारलं, हे परीक्षेला आहे का? बाई वैतागून आल्या. "क्वेश्चन म्हणजे हेच. मला डाउटच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मला मोकळा तास होता. बाई म्हणाल्या, ये, मागे बस. त्यांनी गणित सुरूच केलं नाही. आमच्याकडे डाउट म्हणजे काय ते आधी सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. मग त्यांनी वर क्रूसाकडे बोट केलं. बारा शिष्यांपैकी एकजण म्हणाला होता की प्रभू पुन्हा जिवंत झाला हे त्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. त्याला हाकलून दिलं का? नाही. त्याला सांगितलं, ये, घाल बोट. "आणि माझ्या देशात कोण आला म्हणतात? तोच. म्हणून आमच्याकडे डाउट विचारणं म्हणजे चांगलं वळण." त्यांनी मार्कर पुढे धरला. "कम. पुट युअर फिंगर."

पहिला हात ग्रेसचा वर गेला. मग धरणच फुटलं. बाई परत पहिल्या धड्यावर गेल्या, जेवणाच्या सुट्टीतही मुलांना घेऊन बसू लागल्या, आणि शाळेत जिकडेतिकडे "मिस, आय हॅव अ डाउट" ऐकू यायला लागलं.

प्राध्यापक आले त्या दिवशी मागच्या बाकावर ते, हेडटीचर आणि मी. बाई एक सिद्धता मांडत होत्या. तिसऱ्या ओळीत त्यांनी दोन्ही बाजूंना एकाच पदाने भागलं आणि पुढे गेल्या. ते पद शून्यही असू शकत होतं, आणि शून्याने भागायचं नसतं हे बाई अपूर्णांकवाल्या पोरांनासुद्धा बजावत. प्राध्यापकांनी चष्मा नीट केला.

ओळी संपल्या. बाई वळल्या. टोपण नाही, मान डावीकडे. "एनी डाउट्स?"

"मिस," ग्रेस उभी राहिली, "तिसऱ्या ओळीबद्दल मला डाउट आहे."

बाईंनी फळ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. हेडटीचर खाली मान घालून बसल्या होत्या. मग बाईंनी मार्कर ग्रेसच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसल्या. ग्रेसने तिसरी ओळ पुसली. तिला दुसऱ्या एकाने अडवलं, त्याला आणखी एका मुलीने. घंटा झाली तरी कुणी उठेना. जाताना प्राध्यापक हेडटीचरना म्हणाले, माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात असं कुणी मला अडवत नाही. कोर्स चालू राहिला. ग्रेस पास झाली आणि आता त्याच विद्यापीठात गणित शिकते आहे.

ती चूक बाईंनी मुद्दाम केली होती का, हे मला विचारायचं होतं. पण त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की मी म्हटलं, नंतर विचारू. नंतर त्या निवृत्त झाल्या, नवऱ्याबरोबर वसईला गेल्या. फोनवर बोंबलांबद्दल भरभरून बोलायच्या आणि माझा प्रश्न राहून जायचा. या हिवाळ्यात त्या गेल्या. ग्रेस शाळेत आली आणि आम्ही दोघींनी लॅबमध्ये लॅपटॉपसमोर बसून त्यांच्या अंत्यविधीची मराठीतली मिस्सा पाहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं. मी तिला अधूनमधून सांगत होते.

संपल्यावर मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, ती तिसरी ओळ?

ग्रेस म्हणाली, "मी तुम्हालाच विचारणार होते."

आम्ही लॅपटॉप बंद केला, कोट चढवले आणि ती शंका घेऊन आपापल्या घरी गेलो.