कारभाऱ्याचा पासवर्ड

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात. कुणी कुठली फाइल उघडायची, कुणी प्रोग्राम टाकायचा, कुणी नुसतं लांबून बघायचं, हे ते ठरवतात. माणूस शंभर नंबरी, पण संशयी इतका की स्वतःच्या सावलीलाही पासवर्ड विचारील. एकदा तिथल्या एका कारकुनाने नको तिथे बोट घातलं आणि सगळ्यांचं काम उडालं. करणारा राहिला बाजूला, बोलणी खाल्ली भाऊजींनी. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "हक्क दिला की घोटाळा आलाच."

ही विद्या त्यांनी घरीही आणली. घरच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर ताईचं खातं वेगळं आणि साधं. ती जरा काही बदलायला गेली की पडद्यावर चौकट हजर: ॲडमिनचा पासवर्ड द्या. ॲडमिन कोण? हेच, दुसरं कोण!

"भाऊजी, फ्रिजला पासवर्ड कधी लावताय?" मी विचारायची. ते खो खो हसायचे, पण पासवर्ड काही सांगायचे नाहीत. ताईही हसण्यावारी न्यायची.

मग ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. भूगोल शिकवणारी माझी बहीण, शेवटच्या बाकावर झोपलेल्यालाही जागं करील असा तिचा आवाज! हॉस्पिटलच्या बाहेर भाऊजी हुंदके देऊन रडले. ते मी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगताना जीभ जरा आवरते. घरी आल्यावर त्यांनीच खपून एक प्रोग्राम शोधला. ताईने टाइप करायचं आणि मशीनने बोलायचं. आवाज अगदी सपाट, पण शब्द ताईचे. पहिल्या दिवशी तिने त्यातून मला 'आगाऊ कुठली' म्हटलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नव्या वर्षी वर्ग ताईलाच द्यायचा की दुसऱ्या बाई घ्यायच्या, हे तिच्या मुख्याध्यापिका तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून ठरवणार होत्या. वर्ग कसा घेणार, पोरांचे प्रश्न कसे सोडवणार, सगळं ताईने टाइप करून तयार ठेवलं होतं. कितीतरी दिवसांनी तिने कडक इस्त्रीची साडी नेसली होती.

आणि त्याच दिवशी भाऊजींना अवदसा आठवली. ऐन कॉलमध्ये काही बिघडू नये म्हणून ते सगळं 'पक्कं' करायला बसले. 'कारभारी' नावाचं नवीन ॲडमिन खातं काढलं. बोलणारा आणि व्हिडिओ कॉलचा, दोन्ही प्रोग्राम त्याच्या मालकीचे केले आणि बाकी सगळ्यांना तिथे मज्जाव. आपल्याच हातून चुकून काही होईल म्हणून स्वतःचं नावही ॲडमिनमधून उडवलं. ताईला परवानगी सगळ्यात शेवटी देणार होते. ती राहूनच गेली.

मशीन बंद करून चालू केलं. ताईने टाइप केलं. आवाज नाही. पडद्यावर एक ओळ: परवानगी नाही.

भाऊजींनी आपला पासवर्ड टाकला. मशीनने साफ सांगितलं, तुम्हाला हक्क नाही, कारभाऱ्याचा पासवर्ड द्या. आणि कारभाऱ्याला पासवर्ड द्यायलाच हे विसरलेले!

"म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंत," मी म्हटलं.

"तू जरा गप्प बसशील का?" त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

उपाय होता. दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्ह तयार करायचा, त्यावरून हे चालू करायचं आणि आत शिरून हक्क परत द्यायचे. ते माझा लॅपटॉप घेऊन बसले. पण ते काम काही घाईत होईना. ताई पडद्यावर येईना म्हणून मुख्याध्यापिकांनी शेवटी भाऊजींनाच फोन केला.

ताई भराभर कागदावर लिहायला लागली. "फोन इकडे द्या, तिचं मी वाचून दाखवते," म्हणून मी हात पुढे केला. पण फोन भाऊजींच्या कानाला होता.

"वर्ग झेपेल ना हो त्यांना?" पलीकडून आवाज आला.

ताईचं पेन अजून चालूच होतं. भाऊजी थांबले नाहीत. "मॅडम, खरं सांगू का, तिला अजून विश्रांतीच हवी. यंदा राहू द्या."

ताईचं पेन थांबलं.

"अहो, तुम्हाला कुणी विचारलं होतं?" फोन बंद होताच मी ओरडलेच.

"तिला दगदग झाली असती गं," ते म्हणाले. खरंच तसं वाटत होतं त्यांना, हेच तर दुखणं.

ताईने कागद त्यांच्यापुढे सरकवला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: मला शिकवायचं आहे.

भाऊजींनी तो वाचला आणि पेनड्राइव्ह मशीनला लावला. बऱ्याच खटपटीनंतर मशीन ताळ्यावर आलं. मग ते खुर्चीवरून उठले. "तुझं नाव घातलंय ॲडमिनमध्ये. पासवर्ड तू टाक, मी बघत नाही," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ताईने पासवर्ड टाकला. लगेच मुख्याध्यापिकांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि ती टाइप करायला लागली.

"हॅलो? कोण बोलतंय?" त्या गोंधळल्या.

भाऊजी सवयीने पुढे वाकले. "मॅडम, मी..."

ताईने हात आडवा केला. मशीन बोललं, "मी बोलतेय. मी नको म्हटलं नव्हतं. मला विचारलं नव्हतं."

पलीकडून मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "अहो, पण तुमच्या घरूनच नकार आला ना? मी दुसऱ्या बाईंना लगेच कळवलं. त्यांनी लगोलग आधीच्या शाळेतली नोकरीही सोडली हो. आता मी काय करू?"

ताईने तेच वाक्य पुन्हा लावलं. मला विचारलं नव्हतं. ओरडायची सोय त्या प्रोग्रामात नाही. फोन बंद झाला तरी ती तेच बटण दाबत राहिली, आणि भाऊजी तिथेच उभे राहून ऐकत राहिले.