प्रवाळांवरचं हिरवं

दोन हजार सालच्या आसपास रत्नागिरीहून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणून मी कोल्हापुरातल्या घरात प्रवाळांचा फिश टँक मांडला, आणि शेवाळानं मला जीव नकोसा केला. जुन्या टूथब्रशनं दगड घासले, पाणी बदललं, दिवे बंद ठेवले. आठवड्यात प्रवाळांवर पुन्हा तेच हिरवे केस! उरलेलं खाद्य कुजतं आणि त्यावरच शेवाळ पोसतं, हे मी घरात ओरडून ओरडून सांगितलं. पण आमच्या घरातून कुणी उपाशी जात नाही, मग मासे कसे राहतील? मी कामावर गेलो की वडील येईल त्याच्या हातावर चिमूटभर खाद्य ठेवायचे. "टाका की पावणं, तोंड उघडून बघत्यात बिचारी." मी डबा कुलपात ठेवला, तर टँकमध्ये भाकरीचा चुरा तरंगू लागला.

शेवटचं प्रवाळ मेलं त्या दिवशी मी समोर सुन्न बसलो होतो. जन्मभर ऊस पिकवलेले वडील शेजारी येऊन उभे राहिले. त्या हिरव्यागार काचेकडं बघून त्यांचा चेहरा फुलला.

"कसलं जोमात आलंय बघ! उगंच रडत हुतास."