एअर होस्टेसच्या तब्येतीबद्दल विचारलेला प्रश्न

मैत्रिणींनो, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

आज सेलूच्या एका कॉलेजात मुलींशी बोलायला गेले होते. मी बरीच वर्षं एअर होस्टेस होते, म्हणून याच कोर्सच्या एका ट्रेनिंग अकादमीनं मार्गदर्शनासाठी बोलावलं होतं.

पगार, परदेश सगळं सांगून झाल्यावर एक मुलगी उठली. "मॅडम, इतके वर्ष उडून तब्येतीले काही होते का?"

"होते," मी म्हटलं. "सर्दीतही ड्यूटी केली, विमानातल्या हवेच्या दाबानं डावा कान गेला. जड ट्रॉल्या ओढून कंबर गेली. झोपेचं तर..."

अकादमीच्या सरांनी हसत माइक काढून घेतला. "मॅडम तर एकदम फिट दिसून राह्यल्या. चांगले प्रश्न विचारा." सगळे हसले. मुलगी खाली मान घालून बसली.

निघताना मी तिला गेटजवळ गाठलं. ती म्हणाली, "नंतर सर म्हणे, तुमचं नशीबच खराब होतं."

मग माझ्यासोबतच्या आणखी किती जणींचं नशीब खराब निघालं, ते तिला नावांसकट सांगितलं.

ही नोकरी करू नको, असं मी तिला म्हटलं नाही. पण तब्येतीचं विचारायचंही नाही, तर हे मार्गदर्शन नेमकं कोणासाठी होतं?