प्रयोगशाळेतलं झुकतं पारडं

आईच्या तागडीची दोन्ही पारडी सरळ राहिलेली मी कधी बघितली नाहीत. भिगवणच्या आठवडे बाजारात ती वांगी, गवार विकायची. वजन बरोबर झालं की वर आणखी एखादं वांगं टाकायची, आणि मालाचं पारडं खाली गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतायची नाही. "मापात पाप नको बाई," हे तिचं ठरलेलं. लहानपणापासून मीही तिच्याशेजारी बसून तोलायची, त्यामुळं माझ्या हाताला तेच वळण लागलं.

आणि ते वळण मला बारामतीत अकरावी सायन्सला चांगलंच भोवलं!

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. वडिलांनी मला बारामतीच्या वसतिगृहात ठेवलं ते नाखुशीनंच. त्यात पहिल्या चाचणीला मी केमिस्ट्रीत आपटले. "आता पुन्हा तसंच झालं तर इंदापूरला आर्टला जायचं, घरनं येऊन-जाऊन," त्यांनी बजावलं. मला काही डॉक्टर-बिक्टर व्हायचं नव्हतं. पण त्या काचेच्या भांड्यांचं, रंग बदलणाऱ्या पाण्याचं मला वेड लागलं होतं. ते मला सुटू द्यायचं नव्हतं.

मोल म्हणजे रसायनं मोजायचं माप, ते मला पाठ होतं. ऑक्झॅलिक ॲसिडचा एक मोल म्हणजे एकशे सव्वीस ग्रॅम. त्याचा ठरलेला लहानसा भाग तोलायचा, पाण्यात विरघळवायचा, रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि त्यात गुलाबी रंग येईपर्यंत कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. मग गणित. सोपं की! पण सगळ्यांचं उत्तर यायचं, माझंच मेलं यायचं नाही.

एकदा केमिस्ट्रीचे सर माझ्यामागं येऊन उभे राहिले. सुप्याकडचे, तरुण, कधी न ओरडणारे. मी वजनं ठेवली, काटा मधोमध आणला आणि वर चिमूटभर पावडर टाकली.

"हे काय?"

"थोडं झुकतं, सर."

सर इतके हसले की मला रागच आला. म्हटलं, "काटेकोर तोलणं चिक्कूपणाचं असतं."

"अगं, पण इथं गिऱ्हाईक कोण आहे? ऑक्झॅलिकच्या एका मोलला सोड्याचे दोन लागतात. पंगतीला एक पाहुणा वाढला की दोन भाकरी जादा जाणारच. तू भाकरी जादा वाढतेस आणि पाहुणे मात्र पहिल्याइतकेच सांगतेस!" मग शांतपणे म्हणाले, "झुकलं तर झुकू दे. पण वजनं वाढवून काटा परत जुळव. जे भरेल तेच लिही आणि त्यावरच गणित कर."

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सवयीनं जादा चिमूट पडलीच. जळ्ळा मेला हात! शेजारची मुलगी कुजबुजली, "ठरलेलाच आकडा लिही, कोण बघतंय?" तिचंही बरोबर होतं, वेळ कुठं होता? पण मी चिमट्यानं बारकी वजनं ठेवत बसले. भरलं ते लिहिलं, एकशे सव्वीसनं भागलं, त्याची दुप्पट केली.

संध्याकाळी वडील वसतिगृहावर आले. हातात सुताची दोरी. माझं अंथरूण बांधायला आणलेली, हे न विचारताच कळलं. ते सरळ सरांकडं गेले, मी मागं.

"सर, खरं सांगा. पोरीला जमतंय का न्हाय? आज तरी चुकली न्हाय ना?"

"चुकली की," सर म्हणाले. "जादा टाकलं तिनं. पण किती जादा, ते तिनंच लिहून दिलं. उत्तर बरोबर आलंय. झाकून नेणारी पोरं मला रोज भेटतात, काका. अशी न्हाई भेटत."

मला रडू फुटलं.

"रडतीस कशाला? ऱ्हा की हितंच," वडील म्हणाले. मग त्यांनी दोरी गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातली आणि एकटेच एसटी स्टँडकडं निघाले.