बाजेची दोरी

सकाळी उठला की मोहिद्दीन आधी बाजेच्या पायथ्याची दोरी ओढून घट्ट करी, मग तोंडावर पाणी मारी. बाज त्याच्या बायकोनं, हाजराबीनं विणलेली. ती जाऊन सात वर्षं झाली होती. रात्रीत दोरी बोटभर सैल पडे, तो ती पुन्हा ताणून बसवी. आष्ट्याहून सांगलीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्याच्या पंक्चरच्या खोपटात त्या बाजेवर दुसरं कुणी बसत नसे. गिऱ्हाईक उभ्यानं येई, उभ्यानंच जाई.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावातल्या नानासोची परदेशी मोटार खुरडत दाराशी थांबली. आत त्याचा धाकटा भाऊ जोतीराम, पलटणीतला. रजा संपलेली, मिरजेहून रेल्वे गाठायची होती. स्टेपनीतली हवा आधीच गेलेली.

"चाचा, ह्या टायरात ट्यूब नसतीया," नानासो म्हणाला.

"एवढी गाडी घेतलीस, अन् ट्यूब घ्यायला पैसं उरलं न्हाईत व्हय रं?"

मोहिद्दीननं भोक बुजवलं. पण हवा गेलेल्या चाकावर गाडी रेटल्यानं टायरच्या कडा रिमपासून सुटल्या होत्या. पंपाची हवा तिथूनच निघून जाई. टायर भोवतीनं आवळला तर कडा बाहेर सरकून रिमला टेकतील, हे त्यानं ताडलं. जुना कासरा गुंडाळून त्यात दांडकं घातलं आणि पीळ दिला. कासरा तुटला. दुसराही कुजका निघाला.

"न्हाई पोचलो तर गैरहजेरी लागंल, चाचा," जोतीराम हळूच म्हणाला.

मोहिद्दीन आत गेला. बाजेशी जरा वेळ उकिडवा बसला. बाहेर आला तेव्हा पायथ्याची दोरी त्याच्या हातात होती.

कडांना साबणाचं पाणी लावून त्यानं ती टायरभोवती आवळली. नानासोनं पंप मारला. फट्ट करून एक कड बसली, मागोमाग दुसरी. आता दोरी काढली की पुरती हवा भरायची. पण भिजून फुगलेली गाठ सुटेना. त्यानं नखं लावली, दात लावले. निवांत बसला असता तर सुटलीही असती. पण त्यानं जोतीरामच्या मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि सुरी घेऊन दोरी कापली.

मोटार गेल्यावर त्यानं दोन्ही तुकडे गाठ मारून जोडले. रोज सकाळी दोरी ताणताना ती गाठ हाताखालून जाई.

वर्षानं जोतीराम रजेवर आला तो नायलॉनची हिरवी दोरी घेऊन. मोहिद्दीननं ती दोनदा ओढून पाहिली, चांगली आहे म्हणाला, आणि टायरच्या कामासाठी खुंटीला अडकवली. जोतीराम चहाला थांबला. पुढच्या रजेत तो आला तेव्हा खोपटाला कुलूप होतं, आणि मोहिद्दीनला पुरून चार महिने झाले होते. जोतीरामला आठवलं ते चहाच्या वेळचं. तो बाजेच्या पायथ्याशी टेकणार, तोच हातात कपबशी घेतलेला मोहिद्दीन म्हणाला होता,

"तितं नगं, गाठ टोचंल. जरा वर सरकून बस."